हरनोतर

पाटी ओट्यावर आडवी टाकली आहे,
पिवळ्याचा दुसरा हात वाळतो आहे.
काळ्याचा डबा मी अजून उघडला नाही.

खात्याच्या यादीत नाव आलंय: हरणातूर.
मागच्या पाटीवर मीच लिहिलं होतं हरनोतर,
त्याआधी माझे वस्ताद मुराद तडवी लिहायचे हरणुतार,
एसटीच्या फळ्यावर खडूने नुसतं 'हरनो',
आणि तहसिलीतल्या कापडी नकाशात,
घडी पडते नेमकी तिथे फाटलेल्या,
कुण्या साहेबाने ऐकलं तसं: हर्नूटर.
इतक्या नावांनी हाका मारल्या,
गावाने एकीलाही नाही म्हटलं नाही.

परवा नूरीचा फोन आला, रात्रपाळी संपवून बसमधून.
ती नर्स आहे त्या गावाचं नाव हर्टफर्ड.
"बाबा, त्यातला ट लिहितात, पण बोलत नाहीत.
इथले लोक म्हणतात हारफर्ड.
मी ट म्हटला की ओळखतात, ही बाहेरची."
मग लिहितात कशाला, मी म्हटलं,
तिकडे रंग फुकट मिळतो का?
हसली. मग म्हणाली,
"हर्ट म्हणजे हरण, जुन्या बोलीत. शिंगवालं, नर.
आणि फर्ड म्हणजे नदी जिथे पायी ओलांडता येते
ती जागा."
उतार, मी म्हटलं.
"हो. उतार."
तिच्या बसचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.

त्यांच्या गावाच्या शिक्क्यावर म्हणे हरण आहे,
पाण्यात उभं.
आमच्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर
नुसती शाई.

दुसऱ्या दिवशी उतार बघायला सुकीवर गेलो.
पूल झाल्यापासून तिथून कुणी उतरत नाही.
केळीची कापलेली खोडं टाकलीत, त्यांचा आंबूस वास,
आणि पाणी म्हणाल तर नदीने नावाला जागायचं ठरवलंय.
पण दोन्ही काठांना खाच आहे, समोरासमोर,
उंबरठ्याला मधोमध पडते तशी.
इथे पाय घासत राहिले,
तिकडे वर गावात जिभा.
हरण मात्र मी जन्मात पाहिलं नाही.
रोही येतात रात्री, केळीचे कोवळे पोंगे खातात,
त्यांच्या नावाचं गाव कुणी ठेवणार नाही.

सलदारबुवा खाटेवरूनच ओरडले:
"हरीन नही रे भो, हरन्या!
हरन्या नावाचा मानूस व्हता.
पुरात लोकाले खांद्यावर घिऊन उतरे.
पैसे नही घे. बिडी घे."
मग? मी विचारलं.
"मंग काय. बिडी वली झाली."
आणि कूस बदलून झोपले.

रात्री नूरीला हे सांगितलं.
"मग खरं काय, बाबा? हरण की हरण्या?"
मला काय ठाऊक, मी अक्षरं रंगवणारा माणूस.
पण जो कोणी उतरला
त्याला पाणी गुडघ्याएवढं होतं, एवढं नक्की.
ती म्हणाली, इथेही तेवढंच असेल.

आता पिवळा वाळला.
ओळंबा लावून, सुतळीला खडू चोळून रेघ मारली.
साहेब मोटरसायकलवरून येतील, फोटो काढतील,
यादीशी ताडून बघतील,
म्हणून यादीतलं नाव यादीसारखंच लिहिलं.
फक्त णा आणि तू यांच्या मधे
पिवळ्यावर पिवळ्याने
एक बारीक उ काढला.
समोरून दिसत नाही.
बोट फिरवलं तर लागतो,
उन्हं कलल्यावर, सायकलवरून कुणी शाळेतलं पोर
मान वाकडी करून गेलं तर कदाचित.

तिकडे एक अक्षर लिहितात आणि बोलत नाहीत.
इथलं जिभेवरून गेलं ते गेलं,
मी आपलं पाटीत पुरून ठेवलं.

बिलात मात्र पाचच अक्षरं लावली.